परदेशात शिकताना: आधी विचारा, मग बटण दाबा

प्रश्न असा आहे: परदेशी विद्यापीठात शिकायला जाणाऱ्याने निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर नेमकं काय माहीत करून घ्यावं? बॅगेत काय भरायचं याच्या याद्या हव्या तितक्या मिळतात, तो भाग मी सोडून देते. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात मी बरीच वर्षं सल्लागार म्हणून काम करते आहे, आणि आमच्या टेबलापर्यंत येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच असतं. स्थानिक विद्यार्थ्यासाठी जो नुसता शैक्षणिक निर्णय असतो, तोच परदेशी विद्यार्थ्यासाठी कायदेशीर निर्णयही असतो. विषय सोडणं, सत्र बुडवणं, जास्तीची शिफ्ट घेणं, पत्ता बदलणं, कॉलेज बदलणं, सुट्टीत देशाबाहेर जाऊन येणं, या सगळ्याचा तुमच्या तिथे राहण्याच्या परवानगीशी संबंध असतो. विद्यार्थी आमच्याकडे येतो तो बहुधा सगळं करून झाल्यावर. आठवडाभर आधी आला असता तर दहा मिनिटांत मिटलं असतं ते प्रकरण मग महिनोन्महिने रेंगाळतं.

अमेरिकेचं उदाहरण घेते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या पदवीच्या विद्यार्थ्याला दर सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावी लागतात. समजा एखाद्याने प्रत्येकी तीन क्रेडिटचे चार विषय घेतले. मधल्या परीक्षेत एक विषय साफ आपटला. प्राध्यापक आपुलकीने सांगतात, "सोडून दे हा विषय, सरासरी तरी वाचेल." शैक्षणिक सल्ला म्हणून यात काही चूक नाही. विद्यार्थी रात्री पोर्टल उघडतो, विषय वगळायचं बटण दाबतो, पोर्टल विचारतं "खात्री आहे?", तो "हो" म्हणतो. बारा क्रेडिटची नऊ झाली. परवानगीशिवाय पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या खाली गेल्यामुळे त्याचा तिथे विद्यार्थी म्हणून राहण्याचा कायदेशीर दर्जा धोक्यात आला, आणि विद्यापीठाला ही गोष्ट सेव्हिस या सरकारी प्रणालीत कळवणं भाग आहे. यात वाईट वाटतं ते एवढ्याचसाठी की याला रीतसर वाट होती. सुरुवातीला भाषेची किंवा वाचनाची अडचण आली, शिकवण्याची पद्धत नवी वाटली, विषय चुकीच्या पातळीचा पडला, किंवा आजारपणाचं डॉक्टरांचं पत्र असलं, तर आम्ही कमी क्रेडिटची परवानगी देऊ शकतो. परवानगी आधी आणि बटण नंतर, एवढाच क्रम पाळायचा असतो. ऑनलाइन विषयांचंही तसंच. पूर्णवेळ भारात एका सत्रात एकच ऑनलाइन विषय, म्हणजे तीन क्रेडिटपर्यंत, धरला जातो. पोर्टल मात्र तुम्हाला चारही ऑनलाइन घेऊ देतं, कारण तुम्ही कोणत्या व्हिसावर आहात हे ते पाहतच नाही.

आता व्हिसा या कागदाबद्दल. अमेरिकेत पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा हा प्रवेशासाठी असतो. शिकत असताना त्याची तारीख उलटली म्हणून लगेच देश सोडावा लागत नाही, कारण राहण्याचा हक्क तुमच्या नोंदणीवर आणि विद्यापीठ देतं त्या आय-२० या कागदावर टिकून असतो. मात्र सुट्टीत बाहेर गेलात की परतताना चालू व्हिसा लागतो, आणि आय-२० वर प्रवासासाठी आमची सही लागते. शिकत असताना ती सही एक वर्ष चालते. कॅनडातही शिक्षणाचा परवाना आणि देशात येण्याचा व्हिसा हे दोन वेगळे दस्तऐवज आहेत, एकाची मुदत शिल्लक असून दुसऱ्याची संपलेली असू शकते. ब्रिटनमध्ये प्लास्टिकची निवास-कार्डं २०२४ च्या अखेरीस संपली आणि आता सगळं ई-व्हिसावर आहे. त्याच्या ऑनलाइन खात्यात शिरून नाव, तारखा आणि कामाच्या अटी बरोबर आहेत का ते स्वतः वाचा, आणि पासपोर्ट नवा काढलात तर तो त्या खात्याला जोडा. जर्मनीत प्रवेशाच्या व्हिसावर येऊन पुढे निवास परवाना काढायचा असतो, आणि मोठ्या शहरांत त्याची अपॉइंटमेंट मिळणं हेच एक काम होऊन बसतं. तारीख जवळ येईपर्यंत थांबू नका.

कॉलेज निवडतानाच एक तपासणी करून टाका. ते सरकारच्या मान्य यादीत आहे का? ब्रिटनमध्ये विद्यार्थी-प्रायोजकांची, ऑस्ट्रेलियात क्रायकॉसची, कॅनडात डीएलआयची, अमेरिकेत सेव्हिपची अशा याद्या उघड्या आहेत, कुणीही पाहू शकतं. हे केवळ औपचारिक नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना काढून घेतला गेला, तेव्हा दोन हजारांहून जास्त विद्यार्थी एका रात्रीत अधांतरी झाले. चूक त्यांची नव्हती, तरी नवी जागा शोधायची धावपळ त्यांच्याच वाट्याला आली. ऑस्ट्रेलियात अशा वेळी दुसरीकडे प्रवेश किंवा फीचा परतावा मिळवून देणारी ट्युशन प्रोटेक्शन सर्व्हिस आहे. तुम्ही शिकायला जाणार त्या देशात असं काही आहे का, हे फी भरण्याआधी विचारायचं.

एजंटबद्दल माझं मत सरळ आहे. एजंट वाईटच असतो असं नाही, पण त्याला कमिशन बहुधा कॉलेज देतं, तुम्ही नाही. तो कुणासाठी काम करतो हे त्यावरून ओळखा. आणि त्याने तुमच्या नावाने काय काय जोडलं आहे ते अर्ज जाण्यापूर्वी एकेक पान उघडून पाहा. अर्जाचा पासवर्ड तुमच्याकडे हवाच. कॅनडात २०२३ मध्ये बनावट प्रवेशपत्रांचं प्रकरण उघडकीला आलं. पत्र खोटं आहे याची कल्पनाच नसलेल्या, काहींचं तर शिक्षणही पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांवर देशाबाहेर काढलं जाण्याची वेळ आली होती. त्यानंतर त्या वर्षीच्या १ डिसेंबरपासून प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजकडून पडताळून घेण्याची पद्धत सुरू झाली. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडाची दारं पाच वर्षं बंद होऊ शकतात, आणि "ते एजंटने केलं" हे उत्तर सहसा चालत नाही.

पैशांचं गणित बहुतेकांचं एकाच ठिकाणी चुकतं. व्हिसासाठी दाखवायची रक्कम हाच आपला खर्च, असं लोक धरून चालतात. ती सरकारने ठरवलेली किमान पातळी असते, महागड्या शहरात ती पुरत नाही. शिवाय पहिले दोन-तीन महिने सर्वांत महाग जातात. घराचं डिपॉझिट, आगाऊ भाडं, अंथरूण-पांघरूण, प्रवासाचा पास, विमा, सगळं एकदम येतं. पैसे आहेत पण हाताशी नाहीत, हा प्रकार तर नेहमीचाच. जर्मनीत घोडं कुठे पेंड खातं ते पाहा. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. ते पैसे घ्यायला चालू बँक खातं लागतं. बऱ्याच बँका खातं उघडताना पत्त्याच्या सरकारी नोंदणीचा कागद मागतात. नोंदणी घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, आणि तिला घरमालकाची सही असलेलं पत्र लागतं. तात्पुरत्या खोल्या भाड्याने देणारे अनेक जण हे पत्र देतच नाहीत. म्हणजे स्वस्तात मिळालेल्या एका खोलीपायी पुढची सगळी साखळी अडते. खोली ठरवताना भाड्याच्याही आधी विचारायचा प्रश्न हाच: "नोंदणीसाठी पत्र द्याल का?" आणि ही साखळी सुटेपर्यंत चालेल एवढी रक्कम वेगळी जवळ ठेवायची.

घराच्या बाबतीत फसवणूक सगळीकडे जवळपास एकाच साच्यातली असते. फोटो सुंदर, भाडं आजूबाजूपेक्षा कमी, मालक परदेशात, चावी कुरिअरने येणार, फक्त डिपॉझिट आजच पाठवा. घर कुणीतरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत, मग भले पहिले काही आठवडे विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा प्रवाशांच्या हॉस्टेलमध्ये काढावे लागोत. डिपॉझिटचे नियम मात्र वाचून ठेवा, ते भाडेकरूच्या बाजूने असतात आणि नवख्यांना माहीत नसतात. इंग्लंडमध्ये खासगी घरमालकाला सर्वसाधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही आणि ते ३० दिवसांत मान्य योजनेत जमा करावं लागतं. जर्मनीत कमाल मर्यादा तीन महिन्यांच्या मूळ भाड्याची आहे आणि ते तीन हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. खोलीत शिरलात की सामान ठेवण्याआधी भिंती, गादी, नळ, खिडक्या यांचा व्हिडिओ काढून मालकाला त्याच दिवशी ईमेल करा.

फोनवरून "इमिग्रेशन खात्यातून बोलतोय, तुमच्यावर वॉरंट निघालंय" असं ऐकू आलं तर फोन ठेवून द्या. कुठलंही सरकार गिफ्ट कार्डवर दंड वसूल करत नाही.

आता नोकरी. आमच्याकडची सर्वांत गंभीर प्रकरणं इथूनच येतात, आणि त्यातली बरीचशी हिशेब नीट न समजल्याने झालेली असतात. अमेरिकेत सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास, आणि कॅम्पसबाहेर वेगळ्या परवानगीशिवाय शून्य. ब्रिटनमध्ये पदवी आणि त्यापुढच्या अभ्यासक्रमांना सत्रात आठवड्याला २० तास. आठवडा सोमवार ते रविवार धरतात, सरासरी काढत नाहीत. या आठवड्यात २५ आणि पुढच्यात १५ म्हणजे नियम मोडला. तिथे स्वयंरोजगारालाच बंदी आहे, त्यामुळे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून ॲपवरून जेवण पोहोचवण्याचं काम तासांच्या मर्यादेत बसलं तरी चालत नाही. एक वर्षाची मास्टर्स करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की उन्हाळ्यात वर्ग नसले तरी प्रबंधाचा काळ बहुधा सत्रातच मोजला जातो. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून सत्रात कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस.

ऑस्ट्रेलियाचा नियम सगळ्यांत फसवा. जुलै २०२३ पासून तिथे सत्रात पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. पंधरवडा म्हणजे कुठल्याही सोमवारी सुरू होणारे १४ दिवस. म्हणजे दर सोमवारी नवा पंधरवडा सुरू होतो आणि तो आधीच्यावर अर्धा चढलेला असतो. पहिल्या आठवड्यात १५ तास केले, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २५. पहिला आणि दुसरा मिळून ४५, ठीक. दुसरा आणि तिसरा मिळून ५५, नियम मोडला. पगाराची चिठ्ठी आणि व्हिसाचा पंधरवडा वेगळ्या दिवशी सुरू होत असतील तर चिठ्ठीवर सगळं नियमात दिसतं. तासांची नोंद स्वतः ठेवा, मालकाच्या भरवशावर राहू नका. मालक रोखीने कमी पगार देत असेल तर तक्रार करा. परदेशी विद्यार्थ्यालाही किमान वेतनाचा हक्क असतो, आणि "तुझा व्हिसा रद्द करवीन" ही धमकी मालकाच्या हातातली नसते.

एक गोष्ट माझ्याच कार्यालयाबद्दल, जी माहितीपत्रकात छापलेली नसते. आम्ही तुमच्या बाजूचे असतो, पण तुमचे वकील नसतो. विद्यापीठाला काही बाबी सरकारला कळवाव्याच लागतात, आणि एकदा समजलेली गोष्ट न समजल्यासारखी आम्हाला करता येत नाही. म्हणून विषय सोडायचा आहे, आजारी आहे, फी भरायला उशीर होतोय, कॉलेज बदलायचा विचार आहे, असलं काहीही असो, आमच्याकडे आधी या. पण परवानगीबाहेर काम केलं असेल, पोलिसांनी पकडलं असेल, व्हिसाची मुदत उलटून गेली असेल, तर सर्वांत आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थी संघटनेतर्फे पहिला सल्ला फुकट मिळतो. आणि वर्गमित्रांच्या ग्रुपवरचा "माझ्या मित्राने केलं, त्याला काही झालं नाही" हा सल्ला कुणाचाही असो, कानाआड करा. त्या मित्राचा व्हिसा वेगळा असतो, वर्ष वेगळं असतं, आणि त्याला खरंच काही झालं नाही हे अजून ठरायचं असतं.

अभ्यासाकडे वळू. गुणांची मोजपट्टी बदलते, हे आधी समजून घ्या. ब्रिटनमध्ये ७० म्हणजे प्रथम श्रेणी. ६२ पडले म्हणून रडवेली झालेली मुलं मी पाहिली आहेत, तो तिथे चांगला निकाल असतो. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० जेमतेम पास. पण तिथली खरी मेख पुन्हा परीक्षा देण्याच्या संधींत आहे. एकाच परीक्षेला बसायची संधी मोजक्या वेळा मिळते, बऱ्याच ठिकाणी तीनदा. शेवटची संधीही हुकली तर नाव काढून टाकतात, आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही करणं जवळपास बंद होतं. नाव गेलं की निवास परवान्याचा आधारही जातो. दुसऱ्यांदा नापास झाल्याबरोबर विभागाच्या सल्लागाराला भेटायचं असतं. तिसऱ्यांदा बसल्यावर नाही.

साहित्यचोरीबद्दल सगळे सावध असतात, पण अडकतात ते भलत्याच गोष्टीत. मित्राला "नुसतं बघायला" दिलेला गृहपाठ, दोघांनी मिळून लिहिलेला आणि वेगवेगळा सादर केलेला कोड, आपलाच जुना निबंध दुसऱ्या विषयात पुन्हा देणं, हे सगळं नियमात गैरवर्तन ठरू शकतं. ज्याने उतरवलं त्याच्याबरोबर ज्याने दिलं तोही चौकशीला बसतो. टर्निटिन या मजकूर ताडून पाहणाऱ्या प्रणालीने दाखवलेला जुळणीचा टक्का म्हणजे निकाल नव्हे. अवतरणांमुळे तो वाढतो आणि शब्द फिरवून केलेली चोरी त्यात दिसत नाही, त्यामुळे टक्का खाली आणण्याच्या मागे लागू नका, संदर्भ द्यायला शिका. एआयची साधनं वापरण्याचा नियम विषयागणिक वेगळा असतो, तो विषयाच्या माहितीपत्रकात वाचा, नसेल तर ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्यांच्या वाटेला तर जाऊच नका. असला धंदा इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे, आणि हेच लोक पुढे "विद्यापीठाला कळवू" म्हणून पैसे उकळतात. विद्यापीठाने काढून टाकलं तर व्हिसाही जातो.

प्राध्यापकाने भेटीची वेळ जाहीर केली असेल तर जात जा. ती नापासांसाठी राखून ठेवलेली नसते. शिफारसपत्र मागायची वेळ येईल तेव्हा त्यांना तुमचा चेहरा आठवावा, एवढ्यासाठी तरी.

तब्येतीचा विमा असणं म्हणजे उपचार फुकट असणं नव्हे. अमेरिकेत विम्याच्या कागदावर तीन गोष्टी शोधा: वर्षाला पहिली किती रक्कम स्वतः भरायची, प्रत्येक भेटीला किती, आणि कोणती रुग्णालयं विमा कंपनीच्या जाळ्यात आहेत. साध्या दुखण्याला कॅम्पसचा दवाखाना गाठा, आपत्कालीन विभाग नाही. ब्रिटनमध्ये अर्जासोबत वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरून झालेला असतो, तरीही मुलं स्थानिक डॉक्टरकडे नाव नोंदवत नाहीत आणि ताप चढल्यावर धावपळ करतात. पहिल्याच आठवड्यात नोंदवा. नेहमीचं औषध घेत असाल तर ते त्या देशात कायदेशीर आहे का ते पाहा. अँफेटामाइन असलेली काही औषधं अमेरिकेत डॉक्टर लिहून देतात, जपानमध्ये त्यांना सरळ बंदी आहे.

मन खचणं हाही याच खात्यातला विषय. पहिले काही आठवडे नवलाईत जातात, पडझड होते ती सत्राच्या मध्यावर, आणि उत्तरेकडच्या देशांत दिवस लहान झाल्यावर. एडिनबरात डिसेंबरात जेमतेम सात तास उजेड असतो, त्याचा परिणाम होतोच. समुपदेशकाकडे गेल्याने व्हिसा बिघडतो ही समजूत खोटी आहे. उलट, न सांगता तास बुडवले तर ती गैरहजेरी असते, आणि उपचारांचा कागद असेल तर रजा, मुदतवाढ, कमी क्रेडिट अशा वाटा खुल्या होतात. कागद त्याच काळातला हवा, मागाहून आणलेला फारसा उपयोगी पडत नाही.

शिक्षणानंतर काम करण्याच्या परवानगीवर कर्जाची सगळी इमारत उभी करू नका. ब्रिटनने शिक्षणोत्तर कामाचा व्हिसा एप्रिल २०१२ मध्ये बंद केला आणि जुलै २०२१ मध्ये नव्या रूपात परत आणला. आता १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांना, पीएचडी सोडून, दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहेत. कॅनडाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पदवी नसलेल्या कॉलेज-अभ्यासक्रमांना या परवानगीसाठी ठरावीक विषयांची अट घातली. अभ्यासक्रम दोन-चार वर्षांचा असतो, तेवढ्यात नियम बदलू शकतो. वैद्यक, नर्सिंग, कायदा, शिक्षकी अशा पेशांत पदवी आणि व्यवसायाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे काम करायचं तिथली परिषद ती पदवी मानते का, हे प्रवेश घेण्याआधी त्या परिषदेलाच विचारा, कॉलेजला नाही.

आणि तारखा. अमेरिकेत ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याच्या परवानगीचा, अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंतच करता येतो, आणि त्या पहिल्या वर्षात नोकरीविना एकूण ९० दिवसच काढता येतात. ब्रिटनमध्ये ग्रॅज्युएट व्हिसाचा, म्हणजे वर सांगितलेल्या शिक्षणोत्तर कामाच्या व्हिसाचा, अर्ज देशात असतानाच आणि विद्यार्थी व्हिसा संपण्याआधी करावा लागतो. निकाल लागला की घरी एक चक्कर मारून येऊन मग बघू, असं म्हणणारे दरवर्षी भेटतात. विमानाचं तिकीट काढण्याआधी आमच्याकडे या.